नाताळात दिलेला दिवा जुलैत विझला



मागच्या नाताळात आपल्या चर्चने सायकलवाल्यांना दिवे वाटले, ते तुम्हाला आठवत असेल. मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारे, हँडलला रबरी पट्ट्याने बसणारे, पांढऱ्या उजेडाचे छोटे दिवे. उपासनेनंतर फोटो निघाले, टाळ्या झाल्या, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. फोटोत डाव्या टोकाला, हातात खोकं घेऊन मीही उभा आहे. कल्पना माझीच होती. म्हणून आज जी तक्रार लिहिणार आहे, ती आधी माझ्या स्वतःच्या पदरात घालतो.

दिवे कुणाला दिले हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या बेळगावात उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. तिथे रात्रपाळी असते. आपल्या मंडळीतले काही जण आजही सायकलीवर कामाला जातात, कुणी हौसेने नव्हे, तर पेट्रोलचा हिशेब जमत नाही म्हणून. रात्री दहाच्या सुमारास खानापूर रोडने ट्रक आणि टेम्पो धावत असतात, आणि त्यांच्या कडेकडेने ही माणसं. पावसाळ्यात तर काचेवर पाणी असल्यावर ड्रायव्हरला दिवा नसलेली सायकल दिसतच नाही. सायकलचा दिवा रस्ता दिसावा म्हणून थोडाच असतो, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून जास्त.

जुलैतल्या एका रविवारी उपासना संपल्यावर एक काका माझ्याजवळ आले. सगळे निघून जाईपर्यंत थांबले होते. कोपराला पट्टी होती. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दिवा काढला आणि म्हणाले, "ब्रदर, राग येऊ देऊ नका. तुम्ही दिलेला दिवा माझ्या हातून बिघडला. सांगायला लाज वाटत होती."

मे महिन्यापासून तो पेटत नव्हता. दोन महिने काका मोबाईलची बॅटरी लावून, मोबाईल शर्टाच्या खिशात उभा ठेवून जात होते. पाऊस लागल्यावर मोबाईल आत ठेवावा लागला. मग अंधारातच. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढे एका टेम्पोचा आरसा हाताला लागला आणि ते गटारात गेले. सुदैवाने कोपरावरच निभावलं.

मला त्या कोपरापेक्षा "लाज वाटत होती" हे जास्त लागलं. आपण वस्तू अशा पद्धतीने दिली होती की ती बिघडली तर घेणाऱ्याला गुन्हा केल्यासारखं वाटावं. फोटोसकट दिलेल्या वस्तूचं हेच होतं.

तरुणपणी मी आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला होता. पुढे नोकरी कागदावरची लागली, पण सोल्डरिंग आयर्न घरात राहिलं. त्या रात्री जेवणानंतर टेबलावर वर्तमानपत्र पसरून दिवा उघडला. चार बारीक स्क्रू, खाली रबराची कडी, आत एक नखाएवढं सर्किट आणि चपटी लिथियम बॅटरी. बस्स, एवढंच असतं त्यात.

पण उघडायच्या आधी जे करायला हवं ते मी केलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो. आधी केबल बदलून पाहावी. बिघडलेल्या म्हणून माझ्याकडे पुढे आलेल्या दिव्यांपैकी तीन मुळात बिघडलेलेच नव्हते. यूएसबी-सीच्या स्वस्त दिव्यांत एक गंमत असते. नव्या मोबाईलचा चार्जर, ज्याच्या दोन्ही टोकांना सारखीच लंबगोल पिन असते, तो समोर काय जोडलंय याची खूण पटल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खूण म्हणजे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. दिवा बनवणाऱ्याने ते काही पैशांचे रेझिस्टर वाचवले असतील, तर नव्या चार्जरला वाटतं की समोर कुणीच नाही. तोच दिवा जुन्या चपट्या चौकोनी पिनेच्या चार्जरला लावला की मुकाट्याने चार्ज होतो, कारण तो चार्जर काही न विचारता पाच व्होल्ट देतो. एका मावशीचा मुलगा अशा दिव्याला कचऱ्यात टाकून नवीन आणायला निघाला होता.

काकांच्या दिव्यात मात्र खरा बिघाड होता. मल्टिमीटर लावला. बॅटरीवर २.९ व्होल्ट. अशा बॅटरीचा आकडा ३.७ लिहिलेला असतो, पूर्ण भरली की ४.२ वर जाते आणि ३ च्या खाली गेली की रिकामी समजायची. म्हणजे बॅटरी उपाशी होती, मेलेली नव्हती. मग चार्जिंगचं भोक पाहिलं. त्याचे पाय सर्किटवरून सुटले होते. केबल रोज खुपसायची, काढायची, वर खड्ड्यांचे हादरे. एवढ्याशा सोल्डरवर किती भार टाकायचा? शिवाय तोंडावरचं रबरी झाकण तुटून गेलं होतं, त्यामुळे पाणी आत शिरलं होतं आणि तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक पिनांवर चढला होता.

जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने कळंक काढला. फ्लक्स लावून पाय पुन्हा सोल्डर केले, आणि ते पुन्हा सुटू नयेत म्हणून भोकाच्या पाठीला एपॉक्सीचा थेंब दिला. चार्जर जोडला तर लाल ठिपका लागला. सगळं मिळून पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं जमिनीवर पडलेला स्क्रू शोधण्यात. खर्च सांगायलाही लाज वाटावी इतका कमी.

रबराच्या कडीला सिलिकॉन ग्रीस लावून झाकण बसवलं. इथे व्हॅसलिन लावायचा मोह होतो, घरात असतंच, पण त्याने काही जातींचं रबर फुगतं आणि सैल होतं. सायकल दुकानात सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब मिळते.

पुढच्या रविवारी मी घोषणेच्या वेळी उभा राहिलो आणि म्हणालो की, नाताळचे जे दिवे बंद पडलेत ते आणा, कुणी काही विचारणार नाही. अकरा दिवे आले. त्यांतल्या तिघांची गोष्ट वर सांगितली. चौघांची चार्जिंगची भोकं सुटली होती, काकांच्यासारखीच. दोघांचं बटण आतून गंजलं होतं. एक पाण्यात बुडून पार गेला होता. आणि एकाची बॅटरी फुगली होती, तिच्याकडे नंतर येतो.

अकरांतले नऊ पुन्हा पेटले. मी मोठा कारागीर नाही, हे माझ्या सोल्डरचे गोळे पाहून कुणीही सांगेल. आणि त्या नऊ जणांतल्या एकानेही आपण होऊन आधी तक्रार केली नव्हती. म्हणजे आम्ही फोटो काढून दिलेल्या उजेडातला बराचसा पावसाळ्याच्या आधीच विझला होता, आणि वार्षिक अहवालात मात्र तो अजून जळत होता.

तर माझं म्हणणं असं आहे. या नाताळात आपण नवे दिवे निम्मेच घ्यावेत, आणि उरलेल्या पैशांतून चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे नाताळचे तारे आणि तुटक्या खुर्च्या ठेवतो तिथे, एक दुरुस्तीचं टेबल मांडावं. पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न, एक साधा मल्टिमीटर, बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, फ्लक्स, थोडी बटणं आणि भोकं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणीतरी तिथे बसावं.

कमिटीत हे मांडलं तेव्हा आमच्या खजिनदारांनी विचारलं, "साडेतीनशेचा दिवा, त्याच्यामागे तुमचे दोन तास. परवडतं का? नवा देऊन टाका की." प्रश्न रास्त आहे. खजिनदाराने तो विचारायलाच हवा. पैशाच्या हिशेबात माझे दोन तास महाग पडतील. पण नवा दिवा मे महिन्यात कोण देणार होतं? आपलं वाटप डिसेंबरात. बिघाड कॅलेंडर बघून होत नाही. रात्री दहाला दिवा विझला तर त्या माणसाला पुढच्या नाताळापर्यंत अंधारात सायकल चालवायची आहे, किंवा पुन्हा आपल्या दारात हात पसरायचा आहे. टेबलाशी तो हात पसरायला येत नाही. वस्तू घेऊन येतो, शेजारी बसतो, टॉर्च धरतो, आणि पुढच्या वेळी कदाचित आयर्न स्वतःच हातात घेतो. काकांनी दुसऱ्या दिव्याचं बटण स्वतः बदललं. फाउंड्रीत आयुष्य गेलेल्या माणसाला वितळलेल्या धातूची भीती मी काय शिकवणार? उलट त्यांनीच मला सांगितलं की, तुम्ही आयर्न सोल्डरला लावताय, ते तापवायचं असतं त्या जागेला लावा.

दहा कुमारींचा दाखला आपण मत्तयाच्या २५ व्या अध्यायात किती वेळा ऐकला असेल. उपदेश नेहमी तेलावर होतो, कुणाकडे होतं आणि कुणाकडे नव्हतं. मध्यरात्री हाक आल्यावर दहाही जणींनी उठून आपापले दिवे नीट केले, हा भाग मात्र घाईत निघून जातो. शहाण्या आणि मूर्ख दोघींनाही ते काम येत होतं. त्या काळी दिवा हातात असणाऱ्या प्रत्येकाला वात सारखी करता येत असे, ती वेगळी विद्या नव्हती. आमच्या आजोबांच्या सायकलला डायनॅमो होता. टायरला घासून फिरायचा आणि चढावर जीव काढायचा. पण बल्ब गेला तर ते स्वतः बदलत, तार तुटली तर दाताने सोलून पिळत. त्यांच्या पिढीत रात्री दिव्याशिवाय सायकल दिसली की पोलीस थांबवत, त्यामुळे दिवा चालू ठेवणं ही रोजची बाब होती. आपल्या हातातला दिवा मात्र आपण उघडूही शकत नाही असं आपल्याला पटवून दिलं गेलं आहे.

काही दिवे खरोखरच उघडत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो. प्लॅस्टिक वितळवून जोडलेले असतात. उघडायला गेलं की कवचच फुटतं, आणि फुटलेलं कवच पावसात काय कामाचं? माझ्या मते दिवा विकत घेतानाच पाठीला स्क्रू आहेत का ते पाहावं, आणि आतला सेल निघतो का ते दुकानदाराला विचारावं. तो हसेल, हसू दे. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला तो आपण होऊन सांगेल. सेलच्या अंगावर ९९०० एमएएच असा आकडा छापलेला दिसला तर ठेवून द्या. १८६५० या मापाच्या गोल सेलमध्ये आज चांगल्यात चांगल्या कारखान्यालाही साडेतीन-चार हजारांच्या आसपासच बसवता येतं. जो आकड्यात एवढं खोटं बोलतो तो आतल्या संरक्षक सर्किटात खरं वागेल, यावर माझा विश्वास नाही.

सरकारच्या पातळीवर हालचाल आहे. आपल्या केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला की, फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक छोट्या वस्तूंतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. त्यात पाण्याशी रोजचा संबंध येणाऱ्या काही वस्तूंना सवलत आहे, आणि सायकलच्या दिव्याचे कारखानदार त्या सवलतीकडे डोळे लावून बसले असतील असं मला उगाच वाटतं. पण खानापूर रोडवरच्या माणसाला आज रात्री कामावर जायचं आहे.

आता फुगलेल्या बॅटरीबद्दल. याच कारणाने कमिटीतल्या एका ताईंनी टेबलाला विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. लिथियम बॅटरी हा खेळ नाही. फुगलेली, दबलेली, टोचलेली बॅटरी दुरुस्त होत नाही. ती दाबू नये, भोक पाडू नये, चार्जरला लावू नये. ती पेट घेते आणि पाण्याच्या तांब्याने सहज विझत नाही. तसंच बऱ्याच महिन्यांपासून ड्रॉवरमध्ये पडून दोन व्होल्टच्याही खाली गेलेली बॅटरी. तिला जबरदस्तीने चार्ज करून जिवंत केल्याचे व्हिडिओ मुलं बघतात. करू नका. इतकी उतरलेली असताना आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना तेच भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. एक फरक तेवढा ओळखावा. बॅटरीच्या माथ्यावर पिवळ्या टेपखाली संरक्षक पट्टी असते. तिने वीज तोडलेली असेल तर बाहेरच्या तारांवर मीटर शून्य दाखवतो, पण आत सेल ठीक असतो आणि नेहमीचा चार्जर लावला की ती पट्टी पुन्हा उघडते. शून्य दिसलं की घाबरायचं नाही आणि शून्य दिसलं की हट्टही करायचा नाही. टेप जपून उचलून सेलच्या टोकांवरच मोजायचं. ज्याला हे जमत नाही त्याने बॅटरीला हात लावू नये, भोक आणि बटण बदलावं. निम्म्याहून जास्त दुरुस्ती तिथेच असते.

मी स्वतः एकदा चुकता चुकता वाचलो, तेही कबूल करतो. बुडालेल्या दिव्याचं सर्किट गेलं म्हणून बाजारातून टीपी ४०५६ ची तयार चार्जिंग पट्टी आणली. पंचवीसेक रुपयांची, निळी, सगळीकडे मिळते. ती कारखान्यातून एक अँपिअरवर बसवलेली येते. दिव्यातली बॅटरी होती ४०० एमएएचची. एवढ्याशा पोटात एवढ्या वेगाने ओतलं असतं तर ती तापून फुगलीच असती. पट्टीवर १.२ किलोओहमचा एक रेझिस्टर असतो. त्याच्या जागी ५ किलोओहमचा लावला की करंट २५० मिलीअँपिअरवर येतो, तो या सेलला सोसतो. मी पट्टी जोडून चार्जर हातात घेतला होता, तेव्हा शेजारी बसलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलीने विचारलं, "अंकल, यावर रेझिस्टर कुठला आहे?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर तो दिवा मी बाजूलाच ठेवला. म्हणूनही टेबल चर्चमध्ये हवं, घराघरांत एकेकट्याने रात्री जेवणानंतर नको. दोन डोळ्यांना जे दिसत नाही ते चार डोळ्यांना दिसतं.

ताईंची अट मी टेबलाचा नियम म्हणून घेतली आहे. बॅटरी चार्ज होत असताना खोली सोडायची नाही, चार्जिंग लाकडी टेबलावर नाही तर फरशीवर, आणि कोरड्या वाळूचा पत्र्याचा डबा हाताशी. तो फुगलेला सेल आज त्याच डब्यात, टोकांना चिकटपट्टी लावून, अंगणाच्या कोपऱ्यात शेडखाली ठेवला आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांची आहे. मी तीन दुकानांत विचारलं. एकाने "कचऱ्यात टाका की" म्हटलं, दुसऱ्याने फोन आल्याचं दाखवलं, तिसऱ्याने नंबर लिहून घेतला. घंटागाडीत तो मी टाकणार नाही. ती गाडी ओढणाऱ्यांत आणि पुढे कचरा हाताने निवडणाऱ्यांत कुणाची तरी आई आहे, आणि तिला कळणारही नाही की पिशवीत काय होतं. इ-कचरा रीतसर घेणारी जागा कुणाला माहीत असेल तर मला सांगा, डबा मी स्वतः घेऊन जाईन.

कमिटीने टेबलाला तूर्त तीन महिन्यांची परवानगी दिली आहे. नव्या दिव्यांची संख्या किती ठेवायची यावर अजून वाद आहे, खजिनदारांनी माझ्याकडून अंदाजपत्रक मागितलं आहे. पहिली बैठक येत्या शनिवारी चार वाजता, मागच्या खोलीत. पाऊस असला तरी आहे. नाताळचाच दिवा हवा असं नाही, कुठलाही चालेल, आणि कुठल्या चर्चचा किंवा कुठल्या धर्माचा माणूस तो घेऊन आला हेही कुणी विचारणार नाही. फक्त दिवा आणताना त्याची केबल बरोबर आणा.